लाखेचा हात

१

शाळेतून आल्यावर क्षमा दप्तर खुंटीला अडकवी, हातपाय धुई, आईने झाकून ठेवलेलं काहीबाही उभ्याउभ्याच खाई आणि मागच्या शेडमध्ये साच्यांना तेल लावायला बसे. दिवसभर ती या वेळेचीच वाट पाहत असे.

क्षमाचे वडील, अण्णा, पूर्वी शाळेत चित्रकला शिकवत. आता ते मुलुंडच्या आपल्या घरामागे बागेत ठेवायच्या सिमेंटच्या वस्तू करत. आजूबाजूला नवे बंगले उठत होते, प्रत्येक बंगल्यापुढे हातभर का होईना बाग होती, आणि बाग म्हटली की लोकांना तिच्यात हंस हवा असे, नाहीतर ससा, नाहीतर मान वळवून बसलेलं हरीण. माल कालवायला आणि ओतायला गुणाजी होता. तो मालवणकडचा, गिरणी सोडून इथे आलेला. साचे मात्र क्षमाकडे होते.

साच्याचं काम वाटतं तेवढं सोपं नसतं. आधी आत चिकटून राहिलेला सिमेंटचा कण न् कण बांबूच्या काडीने काढायचा. लोखंड लावायचं नाही, कारण प्लास्टरला ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक सशाच्या पाठीवर रेघ होऊन उठतो. मग मऊ कुंचला फिरवायचा, मग तेलाचा बोळा. तेल कमी पडलं तर सिमेंट धरून ठेवतं आणि सोडत नाही. जास्त झालं तर कानाकोपऱ्यांत साचतं आणि हंसाच्या गळ्यावर देवीच्या वणांसारखी भोकं पडतात. म्हणून शेवटी बोटाने सगळे खळगे टिपून घ्यायचे. क्षमाची बोटं बारीक होती. कुठला खळगा कुठे आहे हे तिला डोळे मिटूनही कळे.

“काय गो बाय, आज शाळेत किती शब्द बोललंस?” गुणाजी रोज विचारी.

क्षमा दोन बोटं वर करी.

“कुठले ते?”

“हजर, बाई.”

“बापरे! घसो बसात गो!” असं म्हणून गुणाजी फावड्यावर रेलून हसे, आणि क्षमाही मान खाली घालून हसे. तिला बोलायला आवडत नसे. तिला पाहायला आवडे. साच्यात सगळं उलटं असतं. नाकाच्या जागी खड्डा असतो आणि गालाच्या जागी वाटी. पण जरा लांबून पाहिलं तर तोच खोलगट चेहरा वर उठून आल्यासारखा दिसतो, आणि आपण चालू लागलो की आपल्याकडे वळतो. पहिल्यांदा ते पाहून ती घाबरली होती.

“उजेडाचा खेळ आहे तो,” अण्णांनी समजावलं होतं. “डोळ्याला चेहऱ्याच्या जागी खड्डा पाहायची सवयच नसते. तो आपला चेहराच बघतो.”

ते पटल्यावर तिची भीती गेली. उलट शेडमध्ये एकटं वाटेनासं झालं.

२

सगळ्यात जास्त मागणी होती ती घागरवाल्या मुलीला. कमरेवर घागर घेतलेली ही हसरी मुलगी अण्णांनी क्षमाच्या धाकट्या बहिणीला, नीलाला, स्टुलावर बसवून शाडूत घडवली होती. गप्प बसावं म्हणून नीलाला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या. गोळ्या तिने खाल्ल्या आणि गप्प काही ती बसली नाही. त्यामुळे मूर्तीचं तोंड उघडं राहिलं आणि पुढचे दात दिसत राहिले. त्याच शाडूवरून प्लास्टरचा साचा काढला होता. त्याचा चेहऱ्याचा तुकडा वेगळा निघे.

नीला क्षमाच्या अगदी उलट होती. ती झोपेतही बोले. आईला कोणी विचारलं, मुली किती, तर ती म्हणे, “दोन. एक बोलते, एक ऐकते.”

त्या वर्षी नीलाचा वरचा दात पडला. तिने तो घरभर दाखवला, गुणाजीला दाखवला, शेजारच्या मांजरालाही दाखवला. पुढच्या आठवड्यात घागरवाली मुलगी ओतली. गुणाजीने साचा सोडला, चेहऱ्याचा तुकडा अलगद बाजूला केला आणि तो मोठ्याने हसला.

“मास्तर, हेका बघा! ह्या पण बोळक्या झाला!”

मूर्तीचा वरचा दात नव्हता.

“क्षमा, खळग्यातला माल काढायचा राहिला बघ तुझ्याकडून,” अण्णा म्हणाले. ते रागावले नव्हते, पण क्षमाचा चेहरा उतरला. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सगळे गेल्यावर ती काडी घेऊन साच्याशी बसली. माल राहिला असेल तर तो राखाडी दिसायला हवा, काडीखाली खरखरायला हवा. पण तिथे काही राहिलेलंच नव्हतं. दाताचा खळगाच नव्हता. बाकीच्या साच्यासारखंच ते पिवळसर, गुळगुळीत प्लास्टर होतं. तिथे कधी काही असल्याची खूणही दिसत नव्हती.

सिमेंटचं पाणी झिरपून बसलं असेल आणि तेलाने पिवळं पडलं असेल, असं तिने मनाला सांगितलं. तसं होऊ शकतं का, हे अण्णांना विचारायला हवं होतं. तिने विचारलं नाही.

अण्णांनी ती मूर्ती तशीच दिली. घाटकोपरच्या बाईंना बोळकीच जास्त आवडली.

३

परीक्षेच्या आदल्या दिवशी क्षमाने घाईत तेल लावलं. डाव्या भुवईच्या वरचा कोपरा राहून गेला. दुसऱ्या दिवशी साचा सुटेना. गुणाजीने लाकडी ठोकळ्याने हळूहळू टिचक्या मारल्या, तेव्हा तो सुटला, पण भुवईवरचा प्लास्टरचा टवका मूर्तीला चिकटूनच बाहेर आला.

“चालायचंच,” अण्णा म्हणाले. “मूर्तीवर तेवढा उंचवटा येईल. घासून टाकू.”

त्याच संध्याकाळी नीला पेरूच्या झाडावरून पडली. फार वरून नाही, पण खाली विटा होत्या. क्षमाने तिला उचललं तेव्हा डाव्या भुवईच्या वरून रक्त वाहत होतं.

आईने हळद भरली. नीला रडतारडताच, कोणत्या फांदीवरून आपण कशा पडलो ते सांगत होती. क्षमा मात्र उठून शेडमध्ये गेली आणि साचा हातात घेऊन उभी राहिली. साच्यात सगळं उलटं असतं, तेव्हा ही कदाचित उजवी भुवई असेल, असा तिने विचार केला. मग तिने बोट ठेवून नीट पाहिलं. साच्यात डोकावताना आपल्या डाव्या हाताला जी भुवई येते, ती मूर्तीचीही डावीच असते. जखमेची जागा तीच होती. लांबीही तेवढीच होती.

मुलं पडतातच. झाडावर चढणारी तर पडणारच. हे खरं होतं, आणि तरी साचा खाली ठेवताना क्षमाने त्याच्याखाली आपली ओढणी घडी करून घातली.

४

“अण्णा, घागरवालीच्या साच्याला लाखेचा हात देऊ?”

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. क्षमाने आपणहून एवढं मोठं वाक्य बोलावं, याचाच त्यांना आनंद झाला.

“दे की. जुनी लाख उडालीच आहे त्याची. नवा हात दिलास की पुढे टवका उडणार नाही.”

स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेची बाटली कुलपात असे. दारूबंदीचे दिवस होते. असलं लाखेचं पॉलिश पिऊन लोक आजारी पडत, आणि स्पिरिटचा वास आला की पोलीस आधी चौकशा करत. अण्णांनी कुलूप काढलं तसा गुणाजी म्हणाला, “मास्तर, माका नुसतो वास तरी घेवंक देवा.”

“गिरणी सोडलीस, आता जगही सोडायचंय का?” अण्णांनी बाटली क्षमाच्या हातात दिली. “हे बघ, आधी सोड्याच्या पाण्याने साचा स्वच्छ धू. मग सावलीत खडखडीत वाळू दे. तेलावर लाख धरत नाही, वरच्यावर राहते. चार दिवस लागले तरी चालतील.”

अण्णा मूर्ती पोचवायला सांताक्रूझला गेले. क्षमा साचा घेऊन बसली. चार दिवस! चार दिवसांत नीला किती वेळा झाडावर चढेल, किती वेळा जिन्यावरून उड्या मारेल! साच्याला उघडं राहू द्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने कोरड्या फडक्याने तेल टिपलं, पुन्हा पुन्हा टिपलं, आणि हे पुरे असं ठरवून कुंचला बाटलीत बुडवला.

लाख पातळ बसली. कपाळ, भुवईवरचा टवक्याचा खड्डा, पापण्या, ओठ, सगळ्यावरून मधाच्या रंगाचं पाणी फिरलं आणि बघता बघता सुकलं. आतला चेहरा चकाकू लागला. इतकं सुबक काम आपण कधीच केलं नव्हतं, असं तिला वाटलं.

५

मग सगळं छान चाललं.

घागरवाल्या मुली एकापेक्षा एक साफ निघू लागल्या. तेल थोडंसंच लागे. अण्णा मूर्तीच्या गालावर हात फिरवून म्हणत, “वा! क्षमा, झकास!” एवढं तिला दिवसभर पुरे. नीला झाडावर चढली आणि पडली नाही. गल्लीतल्या मुलांना गोवर आला, हिला आला नाही. पावसात भिजली, शिंकली नाही. परीक्षेत क्षमाचा नंबर वर आला. रात्री जेवताना चौघं हसत असत.

आईसुद्धा खूश होती. “नीलाला या दिवाळीला फ्रॉक नको शिवायला. मागचाच बसतोय बघ अगदी बेताचा.” आणि एका रविवारी नखं काढायला नीलाला मांडीवर घेऊन म्हणाली, “बरं आहे बाई या पोरीचं. नखंच वाढत नाहीत. हिच्यामागे धावायचं एक काम कमी.”

क्षमा भाजी निवडत होती. तिचा हात थांबला.

तिने नीलाच्या भुवईकडे पाहिलं. जखमेवर खपली होती. लालसर, ओलसर कडेची, दोन दिवसांपूर्वी धरलेली असावी तशी. पण ती झाडावरून पडली त्याला किती महिने झाले होते!

“आई, हिची खपली...”

“सारखी खरवडत असेल. हात कुठे स्वस्थ असतात तिचे?”

हेही खरं असू शकत होतं. क्षमाने नीलाला म्हटलं, “आ कर बघू.” नीलाने आनंदाने एवढं मोठं तोंड उघडलं. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात आला होता, अर्धा. लाख लावली त्याच्या आदल्या दिवशी नीलाने तो सगळ्यांना दाखवला होता, तेव्हाही तो एवढाच होता.

क्षमा शेडमध्ये गेली. तिने साच्याच्या ओठांत बोट घातलं. दाताच्या जागी उथळसा खळगा होता. तोही अर्धाच.

६

तिने हे कुणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? लाख लावल्याने मूल वाढायचं थांबतं? तिने स्वतःलाच बाईंसारखे प्रश्न विचारले. काही मुलं उशिरा वाढतात की नाही? वाढतात. तू रोज बघतेस म्हणून तुला फरक दिसत नसेल की नाही? नसेल. सगळी उत्तरं बरोबर येत होती, आणि तरी ती पुन्हा पहिल्यापासून विचारत होती.

मग एक दिवस नीला शाळेतून गप्प आली. नीला आणि गप्प! क्षमाने तिला जवळ घेतलं.

“काय झालं गं?”

“प्रार्थनेला मला आता सगळ्यांत पुढे उभं करतात. आधी मी मधे होते. जयंती माझ्यापेक्षा बुटकी होती ना, ती पण पुढे गेली. म्हणजे, मागे गेली. उंच झाली.” नीलाने नाक पुसलं. “ताई, मी अशीच राहणार का गं?”

“वेडी आहेस का?”

“जयंती म्हणते, तू बागेतली बाहुली आहेस.”

क्षमाने तिचे डोळे पुसले. गालावरून हात फिरवला आणि तो हात तिने मागे घेतला. गाल थंड होता आणि गुळगुळीत. बोट त्यावरून घसरलं. ते घसरणं तिच्या बोटाच्या चांगल्या ओळखीचं होतं.

लाख काढायलाच हवी होती. पण कशी? एवढासा टवका उडाला तर भुवई फुटली होती. लाख ओढताना प्लास्टरच सोबत आलं, ओठांचं, पापण्यांचं, तर? काढली नाही तर नीला अशीच राहणार. काढताना चुकलं तर...

७

सुट्टीचा दिवस होता. अण्णा घाटकोपरला गेले होते. गुणाजी आला नव्हता. आई दुपारची आडवी झाली होती. नीला पुढच्या फाटकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांशी बोलत होती. तिचा आवाज शेडपर्यंत ऐकू येत होता, आणि तो ऐकू येतोय तोवर ठीक आहे, असं क्षमाने ठरवलं.

तिने साच्याचा चेहऱ्याचा तुकडा मांडीवर घेतला. पत्र्यातून ऊन पडत होतं. आतला चेहरा चकचकत वर उठून आला होता आणि हसत होता. तिने कपाळाच्या वरच्या कडेला नख लावलं.

लाख उचलली गेली.

तिला वाटलं होतं त्याहून सहज उचलली गेली. खाली तेल होतं. सोड्याने न धुतलेलं, तिने घाईत तसंच राहू दिलेलं तेल. त्याच्यावर लाखेने कधी पकड धरलीच नव्हती. दुधावरची साय काडीने ओढावी तशी ती सुटत आली. कपाळ झालं. भुवई. टवक्याच्या कडेला ती जरा अडली, क्षमाने बोटाला तेल लावून खालून सरकवलं, आणि ती सुटली. पापण्या. नाक, आतून बाहेर, पिशवी उलटी करावी तसं. फाटकावरून नीला कुणाला तरी सांगत होती, “आमच्या घरी खूप हरणं आहेत.” गाल. ओठ. हनुवटी.

सगळा चेहरा तिच्या हातात आला. पिंपळपानाच्या जाळीहून पातळ आणि मधाच्या रंगाचा. त्याच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. आणि साच्यातलं प्लास्टर जसंच्या तसं होतं, पिवळसर, तेलकट, भुवईवरचा जुना टवका सोडला तर कुठेही न दुखावलेलं. तिने बोट साच्याच्या ओठांत घातलं. दाताचा खळगा बोटाखाली खोल होत चालला होता.

फाटकावरचा आवाज बंद झाला.

“ताई! ए ताई!”

नीला धावत येत होती. क्षमाने हातातला लाखेचा चेहरा पटकन पाठीमागे नेलं. नीला दारात येऊन धापा टाकत उभी राहिली. तिच्या भुवईवर खपली नव्हती. तिथे एक गुलाबी, नवी रेघ होती.

“ताई, माझा दात किती शिवशिवतोय! आणि खपली आपोआप पडली, बघ!” तिने क्षमाचा मोकळा हात ओढून आपल्या गालाला लावला. गाल उन्हाने तापला होता, घामाने चिकट झाला होता. इतका चिकट, मळका, चांगला गाल क्षमाने कधी पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडतेस काय गं?”

“कुठे? धूळ गेली.”

“मला भूक लागली आहे. खूप भूक लागली आहे. वाढतेस ना?”

“वाढते. चल तू पुढे.”

पण नीला गेली नाही. ती मान वाकडी करून क्षमाच्या पाठीमागे गेलेल्या हाताकडे पाहत होती. आणि त्या क्षणी, पाठीमागे, क्षमाच्या तळहातावर काहीतरी हललं. वारा नव्हता. तळहाताला लागलेले ते पातळ ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. खळगे टिपून टिपून शहाण्या झालेल्या तिच्या हाताला त्यातलं प्रत्येक अक्षर कळलं. काय लपवलंस गं?

“काही नाही,” क्षमा म्हणाली.

नीलाचं उघडू पाहणारं तोंड तसंच राहिलं. तिने बहिणीकडे पाहिलं, मग शेडमध्ये इकडेतिकडे पाहिलं, आणि एक पाऊल मागे सरकली.

“ताई,” ती अगदी हळू म्हणाली, “मी अजून विचारलंच नाही.”